एजंट म्हणतो ‘रेकॉर्डिंग सेव्ह झालं’, पण फाइल काळी येते किंवा उघडतच नाही

ई-वे बिल भरणं, टॉवेल-चादरीच्या ऑर्डरी पोर्टलवरून उतरवून घेणं, डिस्पॅचच्या नोंदी करणं ही कामं ज्या ऑफिसात एआय एजंटवर (सांगितलेलं काम संगणकावर स्वतः करणाऱ्या प्रोग्रामवर) सोपवली आहेत, तिथे स्क्रीनचं रेकॉर्डिंग ही चैन नसते. सोलापूरजवळच्या चिंचोली एमआयडीसीतून गाडी सुटते आणि चार दिवसांनी पार्टी विचारते की नग १,२०० लिहिले होते की १,०२०. एजंटने तेव्हा नेमकं काय टाइप केलं, हे दाखवायला तेवढा एकच पुरावा हातात असतो. आणि तीच फाइल काळी निघते, किंवा उघडतच नाही.

ही तक्रार पुन्हा पुन्हा येते आणि तिची कारणं ठरलेली आहेत. एजंट स्वतः काहीच रेकॉर्ड करत नाही. तो टूलला, म्हणजे त्याला जोडून दिलेल्या छोट्या प्रोग्रामला, ‘सुरू कर’, ‘थांबव’, ‘स्थिती सांग’ एवढंच म्हणतो. टूल हा हुकूम ओबीएस किंवा एफएफएमपेग या रेकॉर्डर प्रोग्रामला देतं आणि स्क्रीन टिपण्याचं काम ते करतात. बिघाड बहुतेक वेळा या तिघांच्या मधल्या सांध्यात असतो. बऱ्याचदा तर टूलच्या माहितीपत्रकातच असतो, म्हणजे एजंटला वाचायला दिलेल्या त्या चार ओळींत. तिथे ‘थांबवल्यावर फाइल मिळते’ एवढंच लिहिलेलं असेल, तर एजंट फाइल न बघताच ‘सेव्ह झालं’ म्हणणार.

खाली आज्ञा आणि पर्यायांची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांत टाका.

लक्षणं

आधी आपलं लक्षण यात शोधा. कोणत्या तपासणीवर जास्त वेळ द्यायचा ते त्यावरून कळेल.

- एजंटने दिलेल्या पत्त्यावर फाइलच नाही. (तपासणी १)
- फाइल आहे, पण शून्य बाइट किंवा काही केबीची. (१, ३, ५)
- फाइल चांगली मोठी आहे, पण उघडत नाही. प्लेअर किंवा लॉग ‘मूव्ह ॲटम नॉट फाउंड’ म्हणतो. (५)
- फाइल चालते, वेळही बरोबर आहे, पण सगळा पडदा काळा. कधी नुसता माउसचा बाण फिरताना दिसतो. (२, ४)
- मॅकवर फक्त वॉलपेपर दिसतो, खिडक्या गायब. (४)
- पहिली काही मिनिटं ठीक, मग चित्र गोठतं किंवा रेकॉर्डिंग तिथेच संपतं. (१, २, ६)
- रेकॉर्डिंग सुरू केल्यावर एजंटच अडकतो, टूलकडून उत्तर येत नाही. (६)
- संगणकावर चालते, पण मोबाइलवर किंवा ब्राउझरमध्ये नाही. (५)
- ‘आधीच चालू आहे’ किंवा ‘चालूच नाही’ अशी उत्तरं, एकाच कामाच्या दोन-दोन फाइली. (७)

१. फाइल, पत्ता आणि डिस्क

पाच मिनिटांचं, बिनखर्चाचं काम. तरीही लोक हे सोडून थेट ड्रायव्हरच्या मागे लागतात.

एजंटने सांगितलेला पत्ता पूर्ण आहे का ते बघा. ‘रेकॉर्डिंग्ज फोल्डरमध्ये’ असा अर्धा पत्ता असेल, तर टूल ज्या फोल्डरमधून सुरू झालं तिथून तो मोजला जातो. काल टर्मिनलमधून सुरू केलं, आज एडिटरमधून, की फाइल दुसरीकडे पडते. सेटिंगमध्ये नेहमी ड्राइव्हच्या अक्षरापासून किंवा मुळापासूनचा पत्ता लिहा. टूल डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या बंद डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणाऱ्या व्यवस्थेत) चालत असेल तर पत्ता कंटेनरच्या आतला असतो. बाहेरचं फोल्डर व्हॉल्यूम म्हणून जोडलेलं नसेल, तर कंटेनर काढून टाकल्याबरोबर फाइलही जाते.

मग मोकळी जागा. हिशोब सोपा आहे: बिटरेट (दर सेकंदाला लिहिला जाणारा डेटा) २,५०० केबीपीएस असेल तर तासाला सुमारे १.१ जीबी. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा चालू ठेवलं तर दिवसाला ९ जीबी. २५६ जीबीच्या एसएसडीवर विंडोज, टॅली आणि महिनाभराची रेकॉर्डिंग एकत्र मावत नाहीत. जागा संपली की रेकॉर्डर मध्येच पडतो आणि एमपीफोर अर्धवट राहते. पेनड्राइव्हवर थेट रेकॉर्ड करत असाल तर तो फॅट३२ आहे का ते बघा. त्यावर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही, ड्राइव्ह कितीही रिकामा असला तरी.

२. स्क्रीन जागी आहे का

रेकॉर्डर स्क्रीनवर जे रंगवलं जातं तेच टिपतो. काहीच रंगवलं जात नसेल तर तो काळाच पडदा टिपेल, आणि त्याला ती चूक वाटणार नाही. म्हणून लॉगमध्ये कुठेही एरर नसते.

विंडोज लॉक झालं की एजंटचा डेस्कटॉप पडद्याआड जातो. एजंट घरून रिमोट डेस्कटॉपने चालवत असाल तर खिडकी मिनिमाइझ करणं किंवा कनेक्शन तोडणं यानेही तेच होतं, कारण तिकडे चित्र रंगवणंच थांबतं. स्लीप आणि स्क्रीन बंद होण्याची वेळ ‘नेव्हर’ वर ठेवा. मॅकवर टर्मिनलमध्ये ‘कॅफिनेट’ ही आज्ञा चालू ठेवली की तो झोपत नाही. स्क्रीनही जागी ठेवायची तर तिला ‘-डी’ हा पर्याय द्या.

दिवसातून एक-दोनदा वीज जाते अशा ऑफिसात आणखी एक गोष्ट बघायची. संगणक यूपीएसवर असतो आणि मॉनिटर साध्या बोर्डवर. वीज गेली की मॉनिटर बंद होतो आणि संगणक चालू राहतो. काही मॉनिटरच्या बाबतीत, विशेषतः डिस्प्लेपोर्टवर, विंडोजला मॉनिटर काढून घेतल्यासारखं वाटतं आणि ते रिझोल्यूशन बदलतं किंवा तो डिस्प्लेच यादीतून काढतं. चालू रेकॉर्डिंगचा स्रोत हरवतो आणि तिथून पुढे चित्र गोठतं किंवा काळं होतं. मॉनिटरही यूपीएसवर घ्या. संगणकाला मॉनिटर लावलेलाच नसेल, तर एचडीएमआयचा डमी प्लग लावा. तो लहानसा आणि स्वस्त असतो, आणि संगणकाला मॉनिटर जोडलेला आहे असं भासवतो.

टूल टास्क शेड्यूलरमधून सुरू होत असेल तर ‘युजर लॉग-ऑन असो वा नसो, चालव’ ही खूण काढा आणि ‘लॉग-ऑन असेल तरच’ ही निवडा. विंडोज सर्व्हिस म्हणून चालवलेलं टूलही याच कारणाने काळं चित्र देतं. व्हिस्टापासून विंडोज सर्व्हिसेसना ‘सेशन झिरो’ मध्ये ठेवतं आणि तिथून तुमचा डेस्कटॉप दिसत नाही.

३. एजंटला बाजूला ठेवून हाताने १० सेकंद

सगळ्यात जास्त उपयोगाची तपासणी हीच. एजंट बंद करा. ओबीएस उघडा, स्टार्ट रेकॉर्डिंग दाबा, एखादी खिडकी हलवा, १० सेकंदांनी थांबवा. एफएफएमपेग वापरत असाल तर टूलच्या लॉगमधली आज्ञा जशीच्या तशी टर्मिनलमध्ये चालवा आणि ‘क्यू’ दाबून थांबवा. फाइल उघडा.

हाताने केलेलं रेकॉर्डिंगही बिघडलेलं असेल तर दोष संगणकाचा किंवा परवानगीचा. तपासणी ४ कडे जा. ते नीट असेल आणि एजंटकडूनच बिघडत असेल तर ४ नुसती चाळा आणि ५ पासून पुढचं लक्ष देऊन वाचा. हा निवाडा केल्याशिवाय ग्राफिक्स ड्रायव्हर बदलू नका, टूलचा कोडही उघडू नका. अर्धा दिवस वाया जाणं टळतं.

ओबीएससाठी एक जोडटीप. वीज अचानक जाऊन संगणक बंद पडला असेल, तर पुढच्या वेळी ओबीएस ‘मागच्या वेळी नीट बंद झालं नव्हतं, सेफ मोडमध्ये उघडू का’ असं विचारत थांबतं. कुणी बटण दाबेपर्यंत ते पुढे जात नाही आणि एजंटचा हुकूम त्याच्यापर्यंत पोचत नाही. सेफ मोड निवडला तर वेबसॉकेट (टूलचे हुकूम घेण्याची ओबीएसची वाट) बंद राहतं आणि एजंटला ओबीएस सापडत नाही. अशा वेळी नॉर्मल मोड निवडा.

४. परवानगी, सेशन आणि ग्राफिक्स

मॅक: २०१९ च्या कॅटलिनापासून स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी ॲपनिहाय द्यावी लागते. ही परवानगी एफएफएमपेगला मिळत नाही, त्याला ज्याने सुरू केलं त्या ॲपला मिळते. टर्मिनलला दिली असेल आणि आज टूल एडिटरमधून सुरू झालं असेल, तर एडिटरला वेगळी लागते. परवानगी नसताना मॅक वॉलपेपर दाखवतो आणि इतर ॲपच्या खिडक्या गाळतो, म्हणून ते लक्षण इतकं ओळखीचं आहे. सिस्टम सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली स्क्रीन रेकॉर्डिंगच्या यादीत खूण करा आणि ते ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. नुसती खिडकी बंद करून भागत नाही. २०२४ च्या सिकोयापासून मॅक ही परवानगी अधूनमधून पुन्हा विचारतो. समोर माणूस नसेल तर तो प्रश्न तसाच पडून राहतो.

लिनक्स: टर्मिनलमध्ये ‘एक्सडीजी सेशन टाइप’ या व्हेरिएबलची किंमत बघा. ‘वेलँड’ (स्क्रीनवर खिडक्या दाखवणारी नवी व्यवस्था) आली तर एफएफएमपेगचं ‘एक्स११ग्रॅब’ हे स्क्रीन टिपण्याचं जुनं साधन काळं चित्रच देणार. वेलँडमध्ये एका प्रोग्रामला दुसऱ्याची खिडकी थेट बघता येत नाही. पाइपवायर आणि डेस्कटॉप पोर्टल या मध्यस्थांमधून जावं लागतं आणि पोर्टल माणसाला विचारतं. फक्त एजंटसाठी ठेवलेल्या संगणकावर लॉगिनच्या वेळी एक्सऑर्ग (एक्स११) सेशन निवडणं हा सगळ्यात कमी कटकटीचा मार्ग, तो पर्याय तुमच्या लिनक्समध्ये असेल तर. बिनस्क्रीनच्या सर्व्हरवर ‘एक्सव्हीएफबी’ ही आभासी स्क्रीन चालवत असाल तर एजंटचा ब्राउझर आणि रेकॉर्डर दोघांचा ‘डिस्प्ले’ क्रमांक एकच आहे ना ते बघा. ब्राउझर :९९ वर आणि रेकॉर्डर :० वर, ही नेहमीची चूक. डॉकरमधला क्रोम मध्येच पडत असेल तर शेअर्ड मेमरी बघा: मुळात ती ६४ एमबीच असते आणि जड पानांना पुरत नाही.

दोन ग्राफिक्स चिप असलेला लॅपटॉप: स्क्रीन एका चिपवर आणि ओबीएस दुसऱ्यावर असेल तर डिस्प्ले कॅप्चर काळा येतो. विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये ओबीएसला ‘पॉवर सेव्हिंग’ द्या, म्हणजे ते स्क्रीनच्याच चिपवर चालेल. इथे बहुतेक जण ‘हाय परफॉर्मन्स’ निवडतात आणि बिघाड तसाच राहतो.

सगळं ठीक आहे आणि फक्त एकच खिडकी काळी, असं असेल तर तो बिघाड नाही. चित्रपटांच्या सेवा आणि काही सुरक्षित ॲप आपली खिडकी रेकॉर्डिंगपासून मुद्दाम झाकतात. ते संरक्षण मोडायच्या वाटेला जाऊ नका.

५. थांबवणं: इथेच सगळ्यात जास्त फाइली मरतात

एमपीफोर फाइलमध्ये कोणतं चित्र कुठे आहे याची अनुक्रमणिका असते, तिला मूव्ह ॲटम म्हणतात. साध्या एमपीफोरमध्ये ती सगळ्यात शेवटी लिहिली जाते. त्याआधीच रेकॉर्डरला मारलं तर चित्रं डिस्कवर राहतात, पण ती कशी वाचायची हे सांगणारं पान नसतं. म्हणून दीड जीबीची फाइलही उघडत नाही.

विंडोजवर हे जास्त का होतं, याचं कारण ठोस आहे. पायथनमध्ये लिहिलेलं टूल रेकॉर्डर थांबवायला ‘टर्मिनेट’ वापरतं. लिनक्सवर त्याने एफएफएमपेगला थांबण्याचा निरोप जातो, तो फाइल पूर्ण करतो आणि मग बंद होतो. विंडोजवर तेच ‘टर्मिनेट’ प्रोसेसला जागच्या जागी मारतं. टूल ज्याने लिहिलं त्याच्या लिनक्सवर सगळं नीट चालतं, तुमच्या विंडोजवर प्रत्येक फाइल मोडते, आणि दोघांनाही आपलंच खरं वाटतं.

उपाय असा. टूलने एफएफएमपेगच्या इनपुटवर ‘क्यू’ अक्षर पाठवावं, तो स्वतः बंद होईपर्यंत थांबावं, आणि ३० सेकंदांतही बंद झाला नाही तरच मारावं. ‘फास्टस्टार्ट’ पर्याय लावला असेल तर हा वेळ वाढवा. त्यात शेवटी पूर्ण फाइल पुन्हा एकदा हलवावी लागते आणि दोन तासांच्या रेकॉर्डिंगला जुन्या हार्ड डिस्कवर बराच वेळ लागतो. डॉकर कंटेनर थांबवताना मुळात १० सेकंदच देतो, नंतर मारतो. ती मुदतही वाढवून घ्या. कंट्रोल-सीच्या निरोपाने थांबवलेला एफएफएमपेग फाइल नीट असूनही एक्झिट कोड २५५ देऊ शकतो. टूल त्यालाच ‘अयशस्वी’ धरत असेल तर चांगली फाइल टाकून दिली जाते.

त्याहून पक्का उपाय म्हणजे रेकॉर्डिंग एमकेव्ही या दुसऱ्या फाइल-प्रकारात करायचं. मध्येच वीज गेली तरी तोपर्यंतचा भाग चालतो. पार्टीला एमपीफोरच हवी असेल तर नंतर बदलून द्या. ओबीएसमध्ये फाइल मेनूखाली ‘रीमक्स रेकॉर्डिंग्ज’ आहे. त्यात चित्र पुन्हा एन्कोड होत नाही, म्हणून वेळ कमी लागतो आणि दर्जा उतरत नाही. ओबीएस ३०.२ पासून ‘हायब्रिड एमपीफोर’ प्रकार आला, तोही मध्येच तुटलेलं रेकॉर्डिंग सांभाळतो. एफएफएमपेगमध्ये तुकड्यांची एमपीफोर करता येते, पण काही जुने प्लेअर ती नीट चालवत नाहीत. सोलापुरात यूपीएसची बॅटरी उन्हाळ्यात लवकर दम तोडते हे धरून चाला आणि साधी एमपीफोर एजंटच्या कामाला वापरूच नका.

फक्त मोबाइलवर न चालणारी फाइल: पिक्सेल फॉरमॅट बघा. स्क्रीनवरून घेतलेलं चित्र एफएफएमपेग बऱ्याचदा ‘वायूव्ही ४४४’ मध्ये साठवतो, ते फोन आणि काही ब्राउझर उघडत नाहीत. ‘पिक्स_एफएमटी वायूव्ही४२०पी’ द्या. मग एखाद्या खिडकीची रुंदी किंवा उंची विषम असेल, समजा १,२८३, तर ‘नॉट डिव्हिजिबल बाय टू’ म्हणत रेकॉर्डिंग सुरूच होणार नाही आणि शून्य बाइटची फाइल पडेल. खिडकीऐवजी पूर्ण स्क्रीन घ्या किंवा फिल्टर लावून माप सम करा.

६. पाइप तुंबणं

इथून पुढे टूलचा कोड उघडावा लागतो. कोड वाचता येत नसेल तर हा भाग टूल बनवणाऱ्याला दाखवा.

बरीच टूल एमसीपीवर चालतात, म्हणजे अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुल्या केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलवर. त्याच्या स्थानिक प्रकारात एजंटचे निरोप टूलच्या इनपुटवर येतात आणि उत्तरं आउटपुटवर जातात. टूलने एफएफएमपेग सुरू करताना वेगळं इनपुट दिलं नाही, तर त्याला टूलचंच इनपुट मिळतं. एफएफएमपेग चालू असताना इनपुट वाचत राहतो. एजंटचा ‘थांबव’ हा निरोप तोच गिळतो, टूलपर्यंत काही येतच नाही. एजंट अडकलेला दिसतो आणि दोष मॉडेलला लागतो. एफएफएमपेगला स्वतंत्र पाइप (निरोप पोचवणारी वेगळी वाट) द्या, म्हणजे ‘क्यू’ही त्यावरूनच पाठवता येतो. निरोपाऐवजी सिग्नलने थांबवत असाल तर ‘नो-स्टडइन’ पर्याय लावा. टूलने आउटपुटवर एकही मोकळी ओळ छापता कामा नये. एका ‘प्रिंट’ने निरोपांची साखळी तुटते. लॉग एरर-आउटपुटवर किंवा फाइलमध्ये जाऊ द्या.

दुसरा तुंबा काही मिनिटांनी दिसतो. एफएफएमपेग आपली प्रगती सतत एरर-आउटपुटवर लिहितो. टूलने ते पाइपला जोडलं आणि वाचलंच नाही, तर लिनक्सवर साधारण ६४ केबीला पाइप भरतो आणि एफएफएमपेग लिहिण्याची वाट बघत उभा राहतो. रेकॉर्डिंग दर वेळी जवळजवळ एकाच मिनिटाला गोठत असेल तर हेच कारण समजा. ‘नो-स्टॅट्स’ लावा, लॉग लेव्हल ‘वॉर्निंग’ ठेवा आणि लॉग फाइलमध्ये वळवा.

गोठण्याची वेळ दर वेळी वेगळी असेल आणि ती एप्रिल-मेच्या दुपारी जास्त येत असेल, तर उष्णतेकडे बघा. बाहेर ४२ अंश असताना बंद खोलीतला मिनी पीसी आपला वेग उतरवतो. थोडा वेळ ‘नो-स्टॅट्स’ काढून हाताने चालवा आणि ‘स्पीड’ बघा. तो १ च्या खाली राहत असेल तर रेकॉर्डर मागे पडतोय. एजंटच्या कामाला सेकंदाला ३० फ्रेम लागत नाहीत, १० पुरतात. प्रीसेट ‘व्हेरीफास्ट’ ठेवा.

ओबीएस असेल तर: वेबसॉकेट आवृत्ती २८ पासून आतच येतं, पोर्ट ४४५५. जुन्या लेखांमधला ४४४४ हा आधीच्या प्लगिनचा. जोडणी कोड ४००९ ने तुटली तर पासवर्ड चुकलाय. ‘स्टार्ट रेकॉर्ड’चं होकारार्थी उत्तर म्हणजे विनंती मान्य झाली, एवढंच. रेकॉर्डिंग खरंच चालू झालं हे ‘रेकॉर्ड स्टेट चेंज्ड’ या सूचनेतून किंवा ‘गेट रेकॉर्ड स्टेटस’ विचारून कळतं.

७. एजंटला दिलेलं माहितीपत्रक

माणूस मॅन्युअल न वाचता अंदाजाने चालवतो. एजंट उलट आहे: टूलच्या वर्णनात जे लिहिलंय त्यावर तो विश्वास ठेवतो आणि जे लिहिलेलं नाही ते स्वतःच भरून काढतो. म्हणून वर्णनात चार गोष्टी स्पष्ट हव्यात: कधी बोलवायचं, उत्तराचा अर्थ काय, किती थांबायचं, आणि चुकल्यावर पुढे काय. सुरू करण्याच्या टूलचं वर्णन असं असावं:

‘या संगणकाची पूर्ण स्क्रीन रेकॉर्ड करतं, आवाज नाही. रेकॉर्डिंग आधीच चालू असेल तर नवीन सुरू होत नाही, चालू असलेल्याचा क्रमांक परत मिळतो. उत्तरात “चालू” आल्यावरच कामाला लागा. “सुरू होत आहे” आलं तर दोन सेकंदांनी स्थिती विचारा. ९० मिनिटांनी आपोआप थांबतं.’

आणि थांबवण्याच्या टूलचं:

‘काम पूर्ण झालं, अडलं किंवा सोडून दिलं, तिन्ही वेळा बोलवा. फाइल पूर्ण व्हायला ६० सेकंदांपर्यंत लागतात. तोवर पुन्हा बोलवू नका. उत्तरात “तपासली” आलं तरच वापरणाऱ्याला सेव्ह झाल्याचं सांगा. “अपूर्ण” आलं तर तसंच सांगा आणि पूर्ण पत्ता द्या. फाइल पुसू नका, रेकॉर्डिंग पुन्हा करू नका.’

यातला शेवटचा भाग जरूर ठेवा. तो नसेल तर मदतीच्या भरात एजंट तेच ई-वे बिल दुसऱ्यांदा भरायला बसू शकतो, केवळ रेकॉर्डिंग नीट मिळावं म्हणून.

‘तपासली’ हा शब्द टूलने कमवायला हवा. फाइल बंद झाल्यावर एफएफप्रोबने (एफएफएमपेगसोबत येणाऱ्या, फाइलची माहिती वाचणाऱ्या प्रोग्रामने) कालावधी वाचावा, तो घड्याळाच्या वेळेशी दोन-तीन सेकंदांच्या आत जुळतो का बघावं, ‘ब्लॅकडिटेक्ट’ फिल्टरने काळा भाग किती ते मोजावं आणि मधलं एक स्थिरचित्र काढून उत्तरासोबत द्यावं. एजंटला सहसा व्हिडिओ उघडून बघता येत नाही, पण एक चित्र दाखवलं तर त्यात पोर्टल आहे की काळोख, हे तो सांगू शकतो. एवढ्या चार पायऱ्या घातल्या की काळ्या फाइलची बातमी चार दिवसांनी न कळता त्याच मिनिटाला कळते.

लांबलचक कामात एजंटचं जुनं संभाषण आक्रसलं जातं आणि रेकॉर्डिंगचा क्रमांक त्यातून निसटतो. म्हणून ‘स्थिती’ हे टूल क्रमांक न देताही चालू रेकॉर्डिंगची यादी देणारं हवं. ते नसेल तर एजंट नवीन रेकॉर्डिंग सुरू करतो आणि दोन-दोन फाइली होतात.

‘थोडा वेळ थांबव’ हा पर्याय खरंच चालत असेल तरच वर्णनात लिहा. ओबीएसमध्ये तो आहे, पण रेकॉर्डिंगचा दर्जा ‘सेम ॲज स्ट्रीम’ ठेवला असेल तर चालत नाही. एफएफएमपेगमध्ये तसा पर्याय नाही. पासवर्ड, ओटीपी किंवा बँकेचं पान येणार असेल तर रेकॉर्डिंग पूर्ण थांबवून नंतर नवीन सुरू करा, असंच वर्णनात लिहिलेलं बरं.

कुठे थांबायचं

फाइल मोडली आहे आणि तिची दुसरी प्रत नाही: आधी कॉपी करा आणि जे काही कराल ते कॉपीवर. त्याच संगणकावर, त्याच सेटिंगने केलेली एक चांगली फाइल असेल तर तिच्या आधाराने ‘अनट्रंक’सारखा प्रोग्राम अनुक्रमणिका पुन्हा बांधून बघतो. एक-दोनदा करून जमलं नाही तर सोडा. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, किंवा फाइल कॉपी करतानाच अडकत असेल, तर संगणक लगेच बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. दर वेळी पुन्हा चालू करून बघण्याने नुकसान वाढतं.

तपासणी ३ मध्ये हाताने केलेलं रेकॉर्डिंगही काळं आलं, ४ मधलं सगळं करून झालं, ग्राफिक्स ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून एकदा ताजा करून झाला, तरी काळंच: हार्डवेअरवाल्याला बोलवा. मॅक तुमच्या कंपनीच्या ॲडमिनच्या नियंत्रणाखाली असेल आणि परवानगीची खूण करड्या रंगात अडकली असेल तर ती तुमच्याने निघणार नाही, ॲडमिनलाच सांगा. वीज गेल्यावर यूपीएस संगणकाला दोन मिनिटंही धरत नसेल, किंवा संगणकाच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर ते काम इलेक्ट्रिशियनचं. अर्थिंग तपासून होईपर्यंत संगणक वापरू नका.

घरून ओबीएस चालवता यावं म्हणून कुणी राउटरवर ४४५५ पोर्ट बाहेर उघडून ठेवलं असेल तर आधी ते बंद करा आणि व्हीपीएनसाठी नेटवर्कचं काम जाणणाऱ्याला बोलवा. रेकॉर्डिंगमध्ये ग्राहकांचे आधार, पॅन किंवा बँकेचे तपशील दिसत असतील आणि ते फोल्डर सगळ्यांना उघडं असेल, तर आधी फोल्डर बंद करा. मग वकिलाचा सल्ला घ्या, कारण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात ही माहिती सांभाळण्याची जबाबदारी ती गोळा करणाऱ्या व्यवसायावर आहे.

कुणालाही बोलवाल तेव्हा हे हाताशी ठेवा: ऑपरेटिंग सिस्टम आणि रेकॉर्डरची आवृत्ती, टूलने चालवलेली पूर्ण आज्ञा, लॉगच्या शेवटच्या ५० ओळी, मोडलेल्या फाइलची प्रत, हाताने केलेलं १० सेकंदांचं रेकॉर्डिंग, आणि टूलचं वर्णन जसं एजंटला दिसतं तसं. लॉगमधला वेबसॉकेटचा पासवर्ड पुसूनच ते पाठवा.